न चाखलेली आमटी

आमटीच्या भल्यामोठ्या काहिलीवर वाकण्याआधी मावशी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक खुपसून दोन श्वास घ्यायच्या. "येकच वास हुंगून नाक थकतं, बाई. आपल्या अंगाचा घेतला की परत ताजं व्हतं." मी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून गावभर ‘बाई’. वर्गात पोरांनाही मी तेच करायला लावायचे. तुम्हीही करून पाहा, खरंच होतं.

आणे पठारावरच्या आमच्या गावात भंडाऱ्याची आमटी दरवर्षी मावशीच करायच्या. ती देवाला दाखवल्याशिवाय चाखायची नाही, अशी रीत. मीठ मावशींच्या ओंजळीला ठाऊक, त्याला वास नसतोच. बाकी सगळं नाकावर: मसाला कच्चा राहिला का, खोबरं करपलं का.

"एक थेंब जिभेला लावला तर देव रुसेल होय?" मी छेडायचे.

"द्येव न्हाई रुसत. मीच रुसंन माज्यावर."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला लेण्याद्रीच्या पायऱ्या उतरताना मावशी पडल्या, डोकं मागून आपटलं. जखम भरली, पण वास येईनासा झाला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा. त्या वर्षी आमटी तळाला लागली आणि त्यांना कळलंच नाही.

प्रसादाला नावं ठेवायची नसतात. पंगतीत सगळ्यांनी पहिली वाटी मुकाट संपवली, मीही. दुसऱ्यांदा मात्र कुणीच मागितली नाही. मावशी काहिलीजवळ पळी धरून उभ्या होत्या. उरलेली आमटी पाहून त्यांना काय ते कळलं.

"फुडल्या साली दुसरी बाई बघा. पडल्यापासनं मला वासच येत न्हाई," त्या म्हणाल्या.

मला रागच आला, त्यांचा आणि गप्प बसलेल्या आम्हा सगळ्यांचा. दुसऱ्याच दिवशी एसटीत बसवून त्यांना नारायणगावला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नाकाच्या छताशी चाळणीसारखं पातळ हाड असतं. वास मेंदूकडे नेणारे तंतू त्याच्या भोकांतून वर जातात. डोक्याला हिसका बसला की ते तुटतात. कधी कधी पुन्हा वाढतात.

"म्हंजे फुटवा यील?" मावशींनी विचारलं.

"छातीठोक नाही सांगत. पण येतो कधी कधी."

तेव्हापासून रोज सकाळी मावशी कोथिंबीर तळहातावर चोळून हुंगायच्या. महिने गेले, काही नाही. मग एक दिवस तणतणत माझ्या दारात आल्या. "बाई, कोथमिरीला टायर जळल्यावानी वास येतोय. लई घाण."

मी हसायलाच लागले. उलटा का होईना, वास आला होता. तंतू परत जुळताना आधी असे चुकतमाकत जुळतात, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मी ते मावशींना सांगितलं. "मग जळू द्या टायर," म्हणाल्या.

पावसाळा सरता सरता टायर विझला आणि कोथिंबीर आली.

पुढच्या भंडाऱ्याला काहिलीशी पुन्हा त्याच. नाक आधी कोपरात, मग वाफेवर.

"जाळ वढा," त्या एकदम म्हणाल्या. "तळाला धराया लागलीया."

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. आठवतात त्या त्याच दिवशीच्या. पंगतीतून हाक आली, "मावशे, आमटी फिरव की परत." मग दुसरी हाक, तिसरी. मावशींनी पळी माझ्या हातात दिली, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि कोपरात नाक खुपसलं. या वेळी दोन श्वासांत भागलं नाही.