बोट कोणासाठी दुरुस्त करायची?

निजामी अमदानीत आमच्या गावाजवळ, गोदावरीच्या काठावर, सरकारी मोटारबोट बंद पडून होती. ती दुरुस्त करण्याजोगी आहे का, हे ठरवायला तहसीलदार आले. मिस्त्रीने तळाच्या फळ्या ठोकल्या, इंजिन उघडून पाहिले आणि होईल म्हणून सांगितले. बोट ओढण्याची आणि लाकूड वाहण्याची वेठबिगार आमच्या गावावर आली.

तेव्हा माझी चुलती पुढे झाली. आदल्या पावसाळ्यात तिची मुलगी बाळंतपणात अडली होती. पुरात आमची लाकडी नाव चालेना, दवाखाना नदीपलीकडे, मुलगी गेली. मोटारबोट त्या दिवशी चालू स्थितीत काठालाच बांधलेली होती.

"नीट झाल्यावर पुरात आमाला बसू द्याल का, सरकार?"

तहसीलदार हसले. "तुमची नाव आहे ना, बाई. ही अंमलदारांची सवारी."

"मंग सडू द्या की तिला. आमी कावून वढायची?"

तिला गप्प बसवण्यात आले. गावाने बोट ओढली.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या पुरात ती आमच्यादेखत पलीकडे गेली. तिच्यात एका अंमलदाराचे शिकारी कुत्रे होते. जागा पुष्कळ शिल्लक होती.