वेगळ्या वॉर्डाचा गट

आमचे हे म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. हॉस्पिटलात नेटवर्क सांभाळतात. तिथे प्रत्येक मजल्यावर छताला इंटरनेटचे पांढरे डबे आहेत. ह्यांनी त्या डब्यांचे गट पाडले: ऑफिसचा, एक्स-रेचा, ऑपरेशन थिएटरचा. कुणी कुठल्या गटातून लॉगिन करायचं ते ठरलेलं. औषधांच्या दुकानातल्या माणसानं थिएटरपाशी जाऊन लॉगिन करू म्हटलं, तर स्क्रीनवर यायचं, "तुम्हाला इथे परवानगी नाही." हे वाक्यही ह्यांचंच. मी म्हटलं होतं, "अहो, जरा गोड लिहा की!" तर म्हणे, "गोड लिहिलं की लोक वाद घालतात."

शेवटच्या मजल्यावरच्या वेगळ्या वॉर्डाचा, म्हणजे संसर्गाच्या पेशंटांचा, गट सगळ्यांत कडक. तिथे भेटायला कुणाला सोडत नाहीत. पूर्वी पेशंट दिवसभर सिनेमे बघायचे, त्यानं इंटरनेट तुंबायचं आणि खाटेजवळच्या यंत्रांचे आकडे नर्सच्या टेबलावर उशिरा पोचायचे. एकदा एकाच्या जिवावर बेतलं. तेव्हापासून त्या गटात फक्त डॉक्टर आणि नर्स, पेशंटचं लॉगिन बंद. त्यात ह्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

मग सासूबाईच तिथे दाखल झाल्या.

त्यांना ऐकू यायचं नाही, समोरच्याचे ओठ बघून बोलणं कळायचं. नर्सच्या टेबलावरच्या फोनचा उपयोग शून्य, मोबाइलला तिथे रेंज नाही. मी टॅब पाठवला, म्हटलं, मुलाचं तोंड तरी दिसेल. कपाळ माझं! लॉगिनच होईना.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, तुमच्याच हातात आहे. एक नाव तर घालायचंय गटात!"

"तिथे अकरा पेशंट आहेत. त्यांच्याही घरी कुणी वाट बघतंय. एकट्या आईसाठी कसं उघडू?"

"मग अकराही जणांना उघडा!"

"यंत्रांसाठी जागा राखून तसं करता येईल. पण साहेबांची सही लागते. अर्ज दिलाय. ते सोमवारी येतील."

तो शुक्रवार होता. माझा तिळपापड झाला. "आई आहे ती तुमची! सोमवारपर्यंत तिनं काय भिंतीकडे बघत पडायचं?"

त्यानंतर हे दोन दिवस धड जेवले नाहीत. लॅपटॉप उघडायचे, त्या गटाची यादी बघत बसायचे, पुन्हा मिटायचे. मला दर वेळी वाटायचं, आता करतील. नाही केलं.

सोमवारी सकाळी दहाला सही झाली. सासूबाई पहाटेच गेल्या होत्या. तरी हे खुर्चीत बसले आणि एकेक करून दहा नावं गटात घातली. अकरावं नाव घालायचं आता कारणच उरलं नव्हतं.

दुपारी हॉस्पिटलच्या जिन्यात नर्स आम्हाला टॅब परत द्यायला आली. बिचारी भल्या मनानंच म्हणाली, "आजी सारख्या उघडून बघायच्या. दर वेळी तेच वाक्य. शेवटी मी पाटीवर लिहून दाखवलं, की हा तुमच्या मुलाचाच नियम आहे. तर म्हणाल्या, 'त्यानं केलाय? मग बरोबरच असेल.'"

हे तिथेच पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले. तीन दिवस मी टोमणे साठवून ठेवले होते. एकही तोंडातून निघाला नाही.