आलुबोंड्याच्या पेटीतली पाटलीण

शेवंता आणि मी शेवटचं जे काम सोबत केलं, ते म्हणजे एका मकडीवरून भांडण.

धान कापून झालं होतं. संध्याकाळी शेवंता, म्हणजे माझी बायको, घरापुढची छपरी सारवत होती आणि मी शेणाचा गमेला घेऊन तिच्या मागं उभा होतो. लग्नापासून माझं काम तेवढंच. मला सारवता येत नाही हे तिनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. भिंतीच्या बुडाशी एक भोक होतं, चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. त्यात एक केसाळ मकडी राहायची. पाय पसरले तर माझ्या पंजाएवढी! शेवंता तिला पाटलीण म्हणायची. कारण काय, तर दिवसभर घरात पडून राहते, अंधार पडला की दारात येऊन बसते, आणि जेवण आपल्या पायानं चालत तिच्याकडं येते.

"बुजव ते भोक," मी म्हटलं.

"काऊन? तुमच्या बापानं खोदलं का?"

"चावली म्हंजे समजल!"

"इतके वर्स तुमी चावून राहिले, मेली का मी? तिचं घर हाये, राहू द्या."

आणि तिनं भोकाभोवती बोटं फिरवून असा सुंदर गोल काढला, की आमच्या दारालाही कधी काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. भांडणातला शेवटचा शब्द तिचाच राहिला. (जगली असती तरी तिचाच राहिला असता.)

जलदान झालं, पाहुणे गेले. मग माझ्या पोरानं, विलासनं, सिमेंटची पोती आणून टाकली. तो कोहमाऱ्याच्या चौकात गॅरेजवर काम करतो. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट नटबोल्ट कसून पक्की करायची असते.

"बाबा, छपरी पक्की करून टाकतो. सुनीताले सारवाचा तरास नोको."

सुनीता माझी सून. तिनं मान हलवली. आईच्या हातचं सारवण जाणार म्हणून तिचेही डोळे भरले होते, पण शेणात हात घालायचा नाही म्हणून ती जरा लवकर सावरली.

"अन् पाटलीण?" मी विचारलं.

"कोणती पाटलीण?"

मी भोक दाखवलं. विलासनं मोबाईलवर काहीतरी खटखट केलं आणि पडदा माझ्या नाकाला लावला. तिथं पाटलीणच होती! काचेच्या घरात, एका गोऱ्या माणसाच्या हातावर बसलेली.

"टॅरंटुला म्हणतेत हिले. विदेशात लोकं पाळतेत, बाबा."

झालं! मी चौथी पास माणूस, पण विदेशातल्या माणसाला जमतं ते मला का नाही जमणार? शेवंता 'राहू द्या' म्हणून गेली होती. तिची साडी मी मोडीत दिली नाही, तिची चप्पल दारातून हलू दिली नाही, मग तिची पाटलीण सिमेंटखाली गाडू देतो की काय!

काचेचं घर कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर मिळालं. ढाबेवाल्यानं नवी पेटी केली होती आणि जुनी मागं पडून होती. सरकत्या दाराची, मजबूत, आणि पुढच्या काचेवर लाल रंगात लिहिलेलं, 'गरम आलुबोंडा'. विलास मोटारसायकल चालवतोय, मी मागं पेटीला मिठी मारून बसलोय, आणि रस्त्यानं प्रत्येक माणूस हात दाखवतोय. फाट्यावर तर एकजण आडवाच झाला.

"बुढा, कसा देल्ला?"

"बायको मेली माही!" मी ओरडलो. (दुसरं काही सुचलंच नाही.) तो बिचारा हात जोडून बाजूला झाला.

पेटी घरी आली आणि मी संसार मांडायला घेतला. तळाला माती घातली, वरून शेणानं सारवलं. उन्हाचा त्रास नको म्हणून छपराचं एक कवेलू, म्हणजे कौल, उपडं ठेवलं. पाण्याला पणती. एका कोपऱ्यात शेवंताच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीचा पडदासुद्धा लावला, बाईमाणूस आहे म्हणून. सुनीता दारातून बघत होती.

"मामाजी, आमच्या खोलीले अजून पडदा नाई," ती म्हणाली.

पाटलीणला बाहेर काढायला मी धान मोजायची पायली घेतली. भोकात गवताची काडी फिरवली, ती रागानं काडी धरून बाहेर आली, मी वरून पायली पालथी घातली आणि खालून पुठ्ठा सरकवला. पेटीत सोडल्यावर तिनं पुढचे दोन पाय वर करून माझ्याकडं असं बघितलं, की कमरेवर हात ठेवून उभी राहणारी शेवंताच आठवली. विलासनं त्याच दिवशी छपरीवर सिमेंट घातलं.

आता जेवण. मी भात-वरण ठेवलं. शिवली नाही. दुसऱ्या दिवशी वरून तिखट टाकलं, वाटलं फिकं झालं असेल. विलासनं पुन्हा मोबाईल बघितला आणि कपाळ बडवलं.

"बाबा, जित्ते किडे खाते ते!"

मग मी रोज बांधावर धोतर खोचून नाकतोडे धरायला लागलो. गावात चर्चा झाली की बायको गेल्यावर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, उड्या मारत फिरते. पाटलीणनं सुरुवातीला दोन-चार खाल्ले, मग तेही सोडले. नाकतोडे तिच्या अंगावरून फिरायचे, ती ढिम्म. मी पेटीसमोर ताट घेऊन बसायचो आणि माझाही घास उतरायचा नाही.

"तुमीबी जेवत नाई, तेबी जेवत नाई," सुनीता करवादली. "मी रांधतो कोनासाठी?"

त्यात आला माझा साळा सुखदेव. शेवंताचा धाकटा भाऊ, मागच्याच गल्लीत राहतो. चष्मा घरी ठेवून बाहेर पडायची त्याला सवय आहे. (चष्मा झिजतो म्हणतो.) तो माझं दुःख हलकं करायला आला, आणि पाहतो तर समोर पेटी.

"जिजाजी, धंदा टाकला का? बरं केलं, मन रमते. एक घेऊन राहिलो बरं का."

मी 'अरे' म्हणेपर्यंत त्यानं काच सरकवून हात आत घातला होता.

"नरमच हाये!" तो खूश होऊन म्हणाला. आणि मग, आवाज बदलून, "जिजाजी... हा बोंडा चालून राहिला!"

पुढं तो कसा गेला ते मला दिसलं नाही, कारण त्यानं जाताना मला आडवं केलं होतं. उठून बघितलं तर पाटलीण कवेलूखाली गेली होती. मी काच लावली. म्हणजे लावली असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर पाटलीण उताणी! पाय वर, हालचाल बंद. मी हाक मारली, काचेवर टिचकी मारली. काही नाही. मी लुगड्याचा पडदा पुढं ओढून घेतला आणि सकाळपर्यंत पेटीकडं गेलोच नाही. सकाळी पडदा सारला, तर ती तशीच पडलेली. उचलली तर वाळल्या पानासारखी हलकी. उपाशी राहून राहून आतून नुसती पोकळ झाली होती!

आणि मी रडलो. अंगणात उभा राहून, मोठ्यानं, नाक पुसायचंही सुचलं नाही. विलास धावत आला.

"बाबा, आई गेली तवा तुमच्या डोळ्यात पानी नोयतं!"

"तवा लोकं लई होते," मी म्हटलं.

आता लोकं जमली नाहीत, पण सुखदेव आला. (हात धुऊन, चष्मा घालून.) विलासनं मुनग्याच्या झाडाखाली खड्डा खणला. मी तिला चिंधीत गुंडाळून ठेवलं, माती लोटली. सुखदेव शेवंताला बाई म्हणायचा. तो म्हणाला, "बाईच्या जिवातली होती. दोन मिनिटं उभं राहून घेऊ." आम्ही तिघं माना खाली घालून उभे राहिलो. मी मनात शेवंताला म्हटलं, तुझं एक काम होतं, तेही मला जमलं नाही.

एवढ्यात घरातून सुनीताची किंकाळी आली. "मामाजी! आईच्या फोटूवर!"

आत धावलो. शेवंताच्या फोटोवर, हाराच्या बरोबर मधोमध, पाटलीण बसलेली! पहिल्यापेक्षा मोठी, काळीभोर, नवी कोरी.

सुखदेव एका उडीत खाटेवर. "बाईनं परत धाडली, जिजाजी!"

"मंग आपन पुरलं काय?" विलासनं विचारलं.

आम्ही जाऊन उकरलं. चिंधीत नुसतं टरफल होतं, पाठीवर फाटलेलं, आत हवा. अरे, ती कात! जन्मभर शेतात सापाच्या काती बघितल्या, नाल्यावर खेकड्यांची टरफलं पोरांना उचलून दाखवली, आणि इथं मी एका जुन्या कपड्याला माती देऊन, वर दोन मिनिटं मौन पाळून आलो होतो!

मला हसू फुटलं. हसत हसत खाटेवर बसलो. खाटेवर सुखदेव अजून उभाच होता. खाट मोडली. पाटलीण फोटोवरून हललीसुद्धा नाही. दोघी मिळून बघत होत्या.

मी तिला पायलीखाली धरलं, पुन्हा पेटीत ठेवलं आणि काचेला सुतळी बांधली. पण मन लागेना. शेवंता 'घर राहू द्या' म्हणाली होती. 'आलुबोंड्याच्या पेटीत ठेवा' कुठं म्हणाली होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सब्बल घेतली आणि विलासच्या नव्या कोऱ्या सिमेंटवर, भिंतीच्या बुडाशी, घातली. भोक पाडायचं होतं कपाएवढं, पडलं बादलीएवढं. विलास दात घासता घासता बाहेर आला आणि फेस गिळून आत गेला. मग मी शेजारच्या गोठ्यातून शेण आणलं.

"मामाजी, सिमेटवर शेन?" सुनीतानं विचारलं.

"तुही सासू भोकाभोवती सारवे. चूप राह्य, गमेला धर."

मी माती भरून भोक बारीक केलं, काडीनं आतपर्यंत वाट केली आणि बोटं फिरवून गोल काढायला बसलो. गोल काही येईना. म्हैस लोळून उठावी तसं झालं. पायली भोकाशी टेकवली तेव्हा पाटलीण बाहेर आली, आत गेली, फिरून दारात आली. तिनं पुढचे दोन्ही पाय वर करून माझं सारवण नीट बघितलं आणि पुन्हा आत निघून गेली.

मी उठलो, सुनीताच्या हातातला गमेला घेतला आणि तिला म्हटलं, "सर तू समोर, बस खाली. गोल तू काढ, मी धरतो."