दोघी विहिणी आणि एक सिनेमा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तळवलीचं घर दोन जिन्यांचं, म्हणून मी तिला नेरूळला आमच्याकडे आणलं. सासूबाई आमच्याकडेच असतात. दोन बेडरूमचा फ्लॅट, त्यात दोन विहिणी, आणि डायनिंग टेबलावर लॅपटॉप लावून ऑफिसचं काम करणारी मी.

दोघींचं एकमेकींशी जमलं ते एका सिनेमावर. बेकरी चालवणारी मुलगी, ती जागा पाडायला आलेला बिल्डरचा मुलगा. पहिल्या भेटीत भांडण, मग पावसात एकच छत्री, मध्येच मुलाची आई आडवी. दहाव्या मिनिटाला मी टेबलावरूनच ओरडले, "शेवटी हा एअरपोर्टवर धावत जाणार, बघा!"

"आमाला काय कलत नाय?" आई म्हणाली. "तू तुजा काम कर."

मी हेडफोन घातले, तरी काही उपयोग नव्हता. दोघी सिनेमातल्या माणसांशी बोलत होत्या. त्या मुलाच्या आईने बेकरीवालीला घराबाहेर काढलं तेव्हा सासूबाई कडाडल्या, "काय बाई आहे! पोरांचं सुख बघवत नाही हिला."

"आपल्या समाजातली नाय म्हनून येवरा राग?" आईने री ओढली. "अक्कल नाय तिला."

आता मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमचं लग्न ठरलं तेव्हा याच सासूबाईंनी आठवडाभर जेवण सोडलं होतं. "आगऱ्यांची मुलगी? आपल्याकडं चालायचं नाही." आणि याच आईने घाटावरचा जावई नको म्हणून माझं बाहेर जाणं बंद केलं होतं. लग्नाच्या हॉलमध्ये दोघी दोन टोकांना बसल्या होत्या, फोटोलाही एकत्र उभ्या राहिल्या नाहीत.

हिरो टॅक्सीत बसला आणि लाइट गेली.

वायफाय गेलं, माझी मीटिंग तुटली. मी मोबाइलवरून नेट जोडायच्या खटपटीत, आणि या दोघी हात पुढे करून. "फोन दे की, शेवट बघतो."

"शेवट माहितीये ना तुम्हाला!"

"ठाव हाय. पन बघायचा हाय," आई म्हणाली.

"मग ऐका. तो धावत जातो, ती थांबते, आई माफी मागते. संपलं."

"असं सांगतात होय?" सासूबाई नाराज झाल्या. "आधी ती त्याच्यावर चिडेल. लगेच कशी ऐकेल?"

"आन आय एअरपोटला येल," आईने दुरुस्ती केली. "घरी बसून माफी काय कामाची?"

शेवट दोघींनीही पाहिला नव्हता, आणि मला शिकवत होत्या. माझा संयम संपला. "आमच्या वेळी तुम्ही दोघी कुठे होतात?"

सासूबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

"ह्यो पोरगा हसतो तरी," आई म्हणाली. "आमचा जावय तवा निसता खाली बघून उबा."

"तो घाबरलेला, विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या. "मला घाबरलेला."

"मना पन," आई म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या. मला बिलकूल हसू येत नव्हतं. मी रागारागाने स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली.

लाइट आली तशी दोघींची हाक आली, "ये गं लवकर!" मी गेले नाही, नुसती दारात उभी राहिले. मुलगा धावला, मुलगी चिडली. मग गर्दीतून त्याची आई पुढे आली आणि काही न बोलता तिने मुलीच्या हातातली बॅग स्वतःकडे घेतली.

एवढ्याशा बाळबोध गोष्टीने माझे डोळे भरून आले, याचाच मला सगळ्यात जास्त वैताग आला. डोळे पुसावेत तर दोन्ही हात कणकेचे.

"बोललो नव्हतो, येल म्हनून?" आई सासूबाईंना म्हणाली. सासूबाई रिमोट शोधत होत्या. छत्रीचा सीन त्यांना परत बघायचा होता.