सुमतीबाई आणि समोरचं दार

ठाण्यापुढच्या दिवा गावातल्या त्या चार मजली इमारतीत पाणी यायची वेळ झाली की माणसं माणसांसारखी वागत नाहीत. तिसऱ्या मजल्यावर तर दोनच बायका सगळ्यांना पुरून उरायच्या. एक सुमतीबाई आढाव, दुसऱ्या समोरच्या दारातल्या हौसाबाई. मोटर कोणी आधी लावली, कोणामुळे कोणाचा ड्रम अर्धा राहिला, यावरून दोघींची जी जुंपायची तिला तोड नव्हती. हौसाबाई संगमेश्वराकडच्या, आवाज खणखणीत. सुमतीबाई नगरकडच्या, ख्रिस्ती, मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून जन्म काढलेल्या. आवाज मऊ, पण शब्द बोचरे. एक ओरडायची, दुसरी टोचायची, आणि पाणी दोघींना सारखंच कमी मिळायचं.

नाताळ आला की सुमतीबाई करंज्या, चकल्या, शंकरपाळे करून मजल्यावर ताटं पाठवायच्या. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ दिवाळीच्या तोडीचा असतो. हौसाबाई ताट हसून घ्यायच्या आणि तसंच्या तसं खाली वॉचमनला नेऊन द्यायच्या. सुमतीबाईंना हे माहीत होतं, कारण करंज्या छान झाल्याचं वॉचमनच वर येऊन सांगायचा. तरी पुढच्या वर्षी ताट जायचंच. यात माया किती आणि खोड किती, हे मला विचाराल तर निम्मं निम्मं.

मग सुमतीबाईंचे यजमान आनंदराव काविळीने गेले. मूलबाळ नव्हतं. सुमतीबाईंनी चर्चला जाणं सोडलं. पाळकसाहेब घरी आले तर चहा द्यायच्या, पण प्रार्थनेला डोळे मिटायच्या नाहीत. त्यांनी देवाशी अबोला धरला होता, आणि अबोला धरण्यात त्या कोणाला हार जाणाऱ्यातल्या नव्हत्या.

एका सकाळी त्या नळाखाली बादली लावून बसल्या होत्या. करंगळीएवढी धार. बसल्या बसल्या त्यांना एकाएकी वाटलं की आपण रुसलो, तोंड फिरवलं, नाही नाही ते बोललो, तरी देवाने आपल्याला सोडलेलं नाही. उजेड पडला नाही, आवाज आला नाही. बादली भरली, त्यांनी नळ बंद केला आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडून घेतलं. त्या पुन्हा चर्चला जाऊ लागल्या, पण हे तिथे उभं राहून कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. आपण काही न करता एवढं प्रेम मिळालं, ते घरात एकट्याने ठेवून काय करायचं, एवढाच प्रश्न त्यांच्यापाशी उरला.

त्याच सुमारास हौसाबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरात मुलगा महिपत एकटा. अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारा. बायको कधीच माहेरी निघून गेलेली. त्याने आधी दोन दिवस सुट्टी घेतली, मग चार दिवस, आणि मग एका सकाळी सुमतीबाईंच्या दारात येऊन नुसता उभा राहिला.

"मावशी, सुपरवायझर बोललाय, आता खाडा केला तर येऊच नकोस."

"किल्ली ठेव आणि जा," सुमतीबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून समोरच्या घराची किल्ली सुमतीबाईंच्या कमरेला लागली. हौसाबाईंना कुशीवर वळवणं, पुसणं, पाठीला जखमा होऊ न देणं, चमच्याने पेज भरवणं, सगळं त्यांनी अंगावर घेतलं. पहिले काही दिवस हौसाबाई चांगल्या हाताने त्यांना ढकलायच्या. मग ढकलेनाशा झाल्या. मग पाण्यासाठी स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर आपटायला शिकल्या आणि तो आपटताना सुमतीबाईंच्या दाराकडे बघू लागल्या. "आता कसं, मोटर लावायची का?" सुमतीबाई चिडवायच्या. हौसाबाईंचं अर्धं तोंड हसायचं. चांगल्या दिवसांत जे जमलं नाही ते आता जमलं होतं, आणि सुमतीबाईंना तर आपण पुन्हा जगतोय असं वाटायला लागलं होतं.

यात एक गोष्ट होती. आंघोळ घालून केस विंचरले की हौसाबाई हात कपाळाकडे न्यायच्या. महिपत शाळेत असताना त्यांचे यजमान बोटीवर कामाला म्हणून गेले ते आलेच नाहीत. मेल्याचीही खबर नाही, म्हणून कुंकू होतं. सुमतीबाईंनी जन्मात स्वतःच्या कपाळाला टिकली लावली नव्हती. लहानपणी शाळेत मैत्रिणीने लावली म्हणून आईचा मार खाल्लेला. पण त्या रोज करंड्यात बोट बुडवून हौसाबाईंच्या कपाळावर गोल रेखायच्या आणि आरसा धरून दाखवायच्या. त्यांना त्यात कधी पाप वाटलं नाही. फक्त चर्चच्या बायकांना त्यांनी हे सांगितलेलं नव्हतं.

गेल्या डिसेंबरात महिला मंडळाच्या घरभेटी सुरू झाल्या. नाताळाच्या आधी घरोघर जाऊन गाणी म्हणायची, प्रार्थना करायची. मंडळाच्या विमलाबाई म्हणजे मोठं प्रस्थ. "सुमतीबाई, तुम्ही त्या आजारी बहिणीसाठी दर रविवारी प्रार्थना सांगता. एकदा आम्हीच येतो, तिच्या उशाशी बसतो," त्या म्हणाल्या. सुमतीबाईंना भरून आलं. आपलं माणूस आपल्या माणसांना दाखवायचं, एवढंच त्यांच्या मनात. महिपतला विचारायला हवं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही, आणि हौसाबाईंना विचारायला हवं हे तर नाहीच नाही. प्रार्थनेला कोण कशाला नको म्हणेल? ज्यांच्या घरी आजाऱ्याजवळ प्रार्थना करणं पाणी देण्याइतकं साधं असतं, त्यांच्याच हातून अशी चूक होते.

त्या सकाळी आंघोळ झाली, केस झाले. हौसाबाईंचा हात कपाळाकडे गेला. सुमतीबाईंनी करंडा उचलला, आणि जिन्यात विमलाबाईंचा आवाज आला. सुमतीबाईंनी करंडा पुन्हा फळीवर ठेवला.

"मग लावते हं," त्या म्हणाल्या.

त्यांना लाज वाटली होती. कुंकवाची नव्हे, विमलाबाईंनी आपलं कुंकवाने माखलेलं बोट पाहिलं असतं त्याची. हौसाबाईंनी हात तसाच कपाळावर ठेवला. मग खाली घेतला.

बायका आल्या, खाटेभोवती बसल्या, डोळे मिटले. कोणीतरी गाणं धरलं. विमलाबाईंनी पर्समधून बाटली काढून, त्यांच्यात रीत आहे तसं, हौसाबाईंच्या कपाळाला तेल लावलं आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली. नेमकं त्या दिवशी कारखान्यात मशीन बंद पडून पाळी लवकर सुटली होती. महिपत दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याला दिसलं ते असं: परक्या बायका, मिटलेले डोळे, आणि आईचं कपाळ मोकळं, वर तेल चमकतंय.

"काय चाललंय इथे?"

"अरे महिपत, प्रार्थना करतोय. आईला बरं वाटावं म्हणून..."

"आईचं कुंकू कोणी पुसलं?"

"पुसलं नाही रे. लावायचं राहिलं. मी लावणारच होते, देवाशप्पथ."

"कुठल्या देवाची?" महिपत म्हणाला. विमलाबाई पुढे होऊन काही बोलायला लागल्या, तेव्हा त्याने जिन्याकडे बोट दाखवलं. बायका चपला हातात घेऊन उतरल्या. त्याने सुमतीबाईंपुढे हात धरला. सुमतीबाईंनी कमरेची किल्ली काढून त्यावर ठेवली.

महिपत वाईट माणूस होता असं कोणी समजू नये. त्याच्या पोटात भीती होती, आणि ती आजची नव्हती. गावची भावकी आधीच फोनवर टोमणे मारायची, आईला ख्रिस्ती बाईच्या हातचं घालतोस म्हणून. थोरले चुलते तर सरळ म्हणाले होते, आईला बाटवलीस तर तिला खांदा द्यायला गावचं एक माणूस येणार नाही. एकटा माणूस सगळं सोसतो, पण आईला एकट्याने उचलायची पाळी येईल हे त्याला सोसेना. त्याने कुलूप बदललं. पगारावर एक बाई ठेवली, ती काही दिवसांत निघून गेली. दुसरी मिळेना. मग तो आईच्या उशाला पाण्याची बाटली ठेवून, बाहेरून कुलूप लावून कामावर जायला लागला.

आणि पेला वाजायला लागला.

खाटेच्या दांडीवर स्टीलचा पेला. सुमतीबाई आपल्या घरात बसून ऐकायच्या. पॅसेजकडे हौसाबाईंची एक खिडकी होती, जाळीची. तिच्यातून खाट दिसायची. बाटली लुळ्या हाताच्या बाजूला ठेवलेली असायची. घाईत निघणाऱ्या महिपतला ते सुचायचं नाही. सुमतीबाईंनी फिल्टरची बारीक नळी आणली, जाळीतून आत सरकवली, बाहेरच्या टोकात पाणी ओतून फुंकलं. नळी खाटेपर्यंत पोचली नाही. पाणी फरशीवर सांडत राहिलं आणि हौसाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. सुमतीबाईंनी नळी ओढून घेतली. ते आणखी वाईट झालं होतं.

त्यांनी महिपतला जिन्यात गाठलं, एकदा नाही, रोज. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

"मी प्रार्थना करणार नाही. तोंडातून शब्द काढणार नाही. नुसतं पाणी पाजेन रे. कुंकू लावेन, तू म्हणशील ते करेन."

महिपत थकलेला होता. पायरीवर बसला. "मावशी, एक सांगा. माझ्या आईने तुम्हाला आयुष्यभर शिव्या घातल्या. तुमचं ताट वॉचमनला दिलं. मग का केलंत एवढं?"

सुमतीबाईंनी खरं ते सांगितलं. त्यांना दुसरं येतच नव्हतं. "देवाने माझ्यावर एवढी माया केली रे, मी काही न करता. ती पुढे द्यायला नको?"

"म्हणजे तुमच्या देवासाठी केलंत," तो म्हणाला. "तिच्यासाठी नाही." आणि उठून गेला.

सुमतीबाई तिथेच पायरीवर बसल्या. तसं नव्हतं. तसं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण मग ज्या सकाळी हौसाबाई हात कपाळाला लावून वाट बघत होत्या, त्या सकाळी आपण कोणासाठी करंडा खाली ठेवला? देवासाठी तर नाही. हौसाबाईंसाठी नाही. विमलाबाईंसाठी. एवढं प्रेम मिळालेली बाई एका बाईच्या नजरेला भ्यायली. हा हिशेब देवापुढे मांडून माफी मिळाली असती, नव्हे मिळालीच असेल, पण ती माफी घेऊन कुलपातून आत जाता येत नव्हतं.

विमलाबाई फोनवर म्हणाल्या, "आपण आपलं काम केलं, सुमतीबाई. आता प्रभूवर सोपवा."

"प्रभूला किल्ली लागत नाही," सुमतीबाई कडाडल्या. "मला लागते!" आणि फोन ठेवून दिला.

मजल्यावरच्या लोकांना त्यांनी कुलूप तोडायला सांगितलं. सगळे हळहळले, आणि सगळ्यांनी आपापली दारं लावून घेतली. पोलिसांत जावं, हेही मनात आलं. पण चौकीत पहिला प्रश्न काय विचारतील ते त्यांना दिसत होतं. प्रार्थनेला कोण कोण होतं, तेल कशाला लावलं. सगळं चर्च गोत्यात आलं असतं. त्या गेल्या नाहीत. दुसऱ्यांदा भ्यायल्या, म्हणा हवं तर. मग त्या रोज खिडकीशी स्टूल टाकून बसायच्या आणि बोलत राहायच्या. आज पाणी किती आलं, मोटर कोणी लावली, कोण कोणाशी भांडलं. आतून पेला वाजायचा. मग नुसता खाली पडायचा. मग हौसाबाई वाजवेनाशा झाल्या आणि नुसत्या खिडकीकडे बघू लागल्या. त्यांच्या त्या बघण्यात राग असता तर सुमतीबाईंना बरं वाटलं असतं.

शिमगा तोंडावर आला होता, ऊन तापायला लागलं होतं. एका दुपारी महिपतने कुलूप उघडलं आणि पॅसेजमध्ये येऊन भिंतीला टेकून खाली बसला. सुमतीबाई धावत आल्या. त्याने मान हलवली.

भावकी आली. एकजात आली, गाड्या करून. शिमग्याच्या पालखीआधी सगळं उरकायला हवं होतं. खांद्यांना तोटा नव्हता. ज्यांनी आजारपणाच्या दोन वर्षांत कधी दार वाजवलं नव्हतं, त्यांच्या चपलांनी जिना भरला. बायकांनी हौसाबाईंना आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर मळवट भरला. मग तोंडात पाणी घालायला रांग लागली. तांब्यात तुळशीचं पान, आणि एकेक जण वाकून दोन थेंब सोडत होता. चुलते, चुलत्या, पुतणे, लांबलांबची माणसं. सगळे पाणी पाजत होते.

सुमतीबाई रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. जवळ आल्या तेव्हा थोरल्या चुलत्यांनी तांब्या मागे घेतला.

"ह्या कोण?"

महिपतने वर पाहिलं. त्याचे डोळे कोरडे होते. "शेजारी आहेत," तो म्हणाला. "घालू दे त्यांना."

सुमतीबाई गुडघ्यांवर बसल्या. डावा हात त्यांनी हौसाबाईंच्या मानेखाली घातला, डोकं थोडं उचललं, आणि पाणी ओठांत सोडलं. ते आत गेलं नाही. ओठांच्या कोपऱ्यातून गालावर, गालावरून मानेकडे ओघळलं. सुमतीबाईंनी पदराने पुसलं आणि पुन्हा सोडलं. पुन्हा ओघळलं.

"गिळा ना हो," त्या म्हणाल्या. "थोडं तरी गिळा, हौसाबाई."

"आवरा, बाई," मागून कोणीतरी म्हणालं. "उशीर होतोय."