पितळी गल्लीतल्या लाटा

वेव्हगाइड घासण्यात अख्ख्या जयपुरात माझा हात धरणारा कोणी नाही! धरणार कोण म्हणा, प्रताप नगरमागच्या आमच्या वर्कशॉपात घासायला मी एकटाच. वेव्हगाइड म्हणजे पितळेचा चौकोनी पोकळ पाइप; रडार-बिडारला लागतो, आतून मायक्रोवेव्ह जातात. पितळेचा चुरा रोज झाडून टाकतो. किस्से मात्र कोपऱ्यात साठतच जातात.

*

वैदेही अमरावतीची, नवी इंजिनिअर. पहिल्याच दिवशी तिच्या हातात पाइप दिला आणि मी मुद्दाम कपाळाला हात लावला. "पोरी, घात झाला! आतली वायर कोणीतरी चोरली!"

"वायर नसतेच, काकाजी. लाटा आतल्या भिंतींवर आपटत आपटत पुढे जातात."

"मतलब, परकोट्याच्या, जुन्या शहराच्या गल्ल्यांतल्या ई-रिक्षांसारख्या?"

"तश्शाच. फक्त गल्ली फार अरुंद असली तर लाट पुढे सरकतच नाही."

म्हणजे रिक्षावाल्यापेक्षा लाटेला अक्कल जास्त!

*

तिलक नगरात एका मराठी बँकवाल्या साहेबांकडे हळदीकुंकू. बायकोला सोडायला गेलो, तर साहेबांनी पकडलं. "तुमच्या पाइपातून जातं काय? पाणी की गॅस?"

"दिसत काहीच नाही साहेब, पण पलीकडे सगळं पोचतं. आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या चहाड्यांसारखं!"

साहेबांच्या सौ. घाईघाईने भजी तळायला आत गेल्या.

*

आमचे मालक सेठजी इथलेच, पण पुण्यात शिकलेले. रागावतात मराठीत, लाड करतात हिंदीत. वैदेहीने आखलेलं पहिलं बेंड, म्हणजे वळणाचा पाइप, तयार झालं तेव्हा ते मराठीत बोलले. "टेस्टमध्ये पास झालं तर डिझाइनचं टेबल तुझं. नाहीतर ऑफिसात बसून कोटेशनं टाइप कर."

पोरीचा चेहराच उतरला. कोटेशनं टाइप करायला काय अमरावती सोडली होती तिने?

तिची बाजू भक्कम करावी म्हणून मी बेंड असं घासलं, की त्यात बघून मिशी कातरावी! तिने उलटसुलट करून पाहिलं.

"झकास. पण काकाजी, लाटा आतून जातात. बाहेरून फक्त माश्या."

*

टेस्टचा दिवस. नवा माल मशीनला लावण्याआधी सेठजी त्याला मोली बांधतात, पूजेचा लाल-पिवळा दोरा. बेंडच्या तोंडाशी त्यांनी ती बांधली. वैदेहीने पाइपाला पाइप जोडून बोल्ट आवळले.

स्क्रीनवरची रेघ खाली यायला हवी होती. ती वरच! लाट आल्या पावली परत. सेठजींनी उसासा सोडला. "कोटेशनं..."

"एक मिनिट!" वैदेहीने बोल्ट सोडले. जोडात मोलीचं टोक चिमटलेलं. पितळेला पितळ टेकतच नव्हतं! तिने दोरा काढला, बोल्ट पुन्हा आवळले. रेघ सरसर खाली!

मी शिट्टी मारली. "सेठजी, पोरगी पास! तुमचा शुभ दोराच आडवा पडला होता!"

सेठजी गोरेमोरे झाले, पण हटले नाहीत. "काही असो. नव्या कामाला मोली बांधल्याशिवाय मी राहणार नाही!"

वैदेहीने मनगट पुढे केलं. "मग इथे बांधा, सेठजी. नवं टेबल तर माझंच ना?"