गुंडूतात्यांचा डावा कान

एकवीस नोव्हेंबरच्या मंगळवारी सकाळी गुंडूतात्यांनी बायकोला तिसऱ्यांदा सांगितलं, "अगं, कुकर शिट्टीवर आलाय. गॅस बारीक कर की."

शालूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मागे न बघताच उत्तर दिलं, "कुकर घासून फळीवर पालथा घातलाय. दिसतोय न्हवं तुमास्नी? का डोळं पण गेलं?"

कुकर खरंच फळीवर पालथा होता. तात्या उठून त्याच्याजवळ गेले, झाकणाला कान लावून आले आणि गुपचूप चहा प्यायला बसले. शिट्टी होण्याआधी कुकर बारीक, चिवट आवाज करतो ना, तसाच आवाज दिवाळीपासून त्यांच्या डाव्या कानात चालू होता. शिट्टी मात्र कधी व्हायची नाही. अधूनमधून तो रातकिड्यासारखा व्हायचा, मग पुन्हा कुकर.

दुसऱ्या कुणाच्या कानात तो आला असता तर एवढं बिघडलं नसतं. पण गुंडूतात्यांचं सगळं आयुष्य एका सुरावर उभं होतं, आणि हे मी शब्दशः म्हणते. मंगळवार पेठेतले दादासो सनई वाजवतात, आणि त्यांचे चुलतभाऊ गुंडूतात्या त्यांच्या शेजारी बसून दुसऱ्या सनईवर सूर धरतात. दादासोंनी काहीही वाजवावं, तात्यांचा सूर तो एकच. गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षी ते त्या जागेवर बसले, आता बासष्ट पूर्ण झाली. लग्नाला आलेली माणसं दादासोंना नमस्कार करतात, त्यांचे फोटो काढतात. कार्यालयाच्या दारातल्या चौथऱ्यावर दादासो दाराच्या बाजूला बसतात आणि तात्या त्यांच्या पलीकडे, त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेकडो लग्नांच्या अल्बममध्ये तात्यांचं फक्त कोपर आलेलं आहे. शालूबाई म्हणतात, "आमच्या ह्यांचं कोपर लई नावाजलेलं हाय."

तात्यांना त्याचं वाईट वाटत नसे. घराचा पाया कुणी फोटोत घेतं का, असं ते म्हणत.

आता मात्र त्या पायात कुकर येऊन बसला होता. दिवसा रहदारीत तो दबून जायचा, घर शांत झालं की अंगावर यायचा. म्हणून तात्या ऐन थंडीत पंखा लावून झोपू लागले. शालूबाईंनी दोन गोधड्या घेतल्या, तिसरी घेतली आणि विचारलं, "ह्यो काय नवा खेळ?"

"डास हायत."

"कुठं हायत? मला एक दाखवा."

"पंख्यामुळं पळालं."

कानाचं दुखणं त्यांनी बायकोला सांगितलं नाही. ते दादासोंच्या कानावर जाईल, आणि सूर धरणाऱ्याच्या कानात दुसराच सूर वाजतो हे कळल्यावर त्याला शेजारी कोण बसवून घेईल, ही त्यांची धास्ती. एकटेच जाऊन ते कानाच्या डॉक्टरीणबाईंना भेटले. राजनंदिनी त्यांचं नाव, वय असेल पस्तीस. त्यांनी तात्यांना एका बंद काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. तात्यांनी लगेच बोट वर केलं. ते वरच राहिलं.

बाईंनी दार उघडलं. "तात्या, मी अजून काहीच सुरू केलं नाही."

"तुम्ही न्हाय केलं. पण त्यानं कवाच केलंय."

बाई हसल्या, तात्याही हसले. मग बाईंनी नीट समजावून सांगितलं. चाळीस वर्षं सनईचं तोंड डाव्या कानापासून हातभर अंतरावर आणि पाठीशी चौघडा, त्यामुळे त्या कानाची ऐकण्याची ताकद कमी झाली आहे आणि तो आवाज त्याचाच भाग आहे. जिवाला धोका नाही, पण तो जाईलच असंही नाही. उजवा कान चांगला आहे. फार शांततेत बसू नका, बारीक काहीतरी आवाज चालू ठेवा, वाजवताना कानात बोळा घाला.

"म्हंजे वाजवू का मी?"

"वाजवा की. कान जपून वाजवा."

तात्या इतके खूश झाले की बाईंनी दिलेली बोळ्यांची डबी टेबलावरच विसरले आणि ती आणायला कोपऱ्यावरून परत गेले.

शांततेत बसायचं नाही म्हटल्यावर त्यांना पेठेतली सगळ्यात चांगली जागा सापडली, ती म्हणजे सरूबाईंची पिठाची गिरणी. तिथे पट्टा फटफटायचा, जातं घरघरायचं, आणि कुकर त्यात असा बुडून जायचा की तात्यांना दिवाळीच्या आधीचे दिवस आठवायचे. ते बाकावर डोळे मिटून बसायचे. पण गिरणीत रिकाम्या हाताने कसं बसणार? मग गहू झाले, ज्वारी झाली, हरभऱ्याची डाळ झाली, तांदूळ झाले. शेजाऱ्यांचे डबे झाले. गल्लीतल्या बायका त्यांचं कौतुक करू लागल्या.

शालूबाई मात्र कौतुक करण्यातल्या नव्हत्या. घरात पाच तऱ्हेचं पीठ बघून त्या म्हणाल्या, "आता दळायला मीच तेवढी ऱ्हायलोय. बसू का डब्यात?"

लग्नं सुरू झाली तशी खरी अडचण समोर आली. सत्तावीस तारखेच्या लग्नात दादासोंनी वाजवता वाजवता भुवया वर केल्या. चहाच्या वेळी ते म्हणाले, "गुंड्या, सूर खाली येतोय तुझा."

तात्यांनी बशी खाली ठेवली. "न्हाय दादा."

"मी सांगतोय न्हवं? सुरवातीला बरा असतोस. अर्ध्या तासानं उतरतोस."

चार डिसेंबरला पुन्हा तेच झालं. तात्यांनी जीव एकवटून सूर जागेवर धरला होता, कपाळाच्या शिरा फुगेपर्यंत. तरी दादासोंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी घरी बोलावून त्यांनी एक काळा डबा दाखवला. त्यांची सून प्रीती शाळेत शिक्षिका आहे. तिच्या मोबाईलमध्ये सूर होता, आणि तो त्या डब्यातून पाहिजे तेवढा वेळ वाजायचा. दम लागणं नाही, चहा पिणं नाही.

"पंधरा तारखेला कोडोलीला मोठं लग्न हाय," दादासो जमिनीकडे बघत म्हणाले. "ह्या वेळी ह्यो डबा नेतो. तू जरा आराम कर."

तात्या तिथून उठले ते घरी न जाता सरळ गिरणीत गेले. हातात दळणाचा डबाही नव्हता.

सरूबाईंच्या भुवया कायम पिठाने पांढऱ्या असतात. पांढऱ्या भुवया वर करून त्यांनी ओरडून विचारलं, "काय तात्या, आज मोकळंच?"

गिरणीत बोलायचं म्हणजे ओरडूनच. तात्यांना वाटलं, ह्या दणदणाटात कुणाला काय ऐकू जाणार? तीन आठवडे दाबून ठेवलेलं सगळं त्यांनी घसा ताणून सांगायला सुरुवात केली. दिवाळी, कुकर, डॉक्टरीणबाई, दादासो, काळा डबा. आणि ते ऐन भरात आले असताना वीज गेली. पट्टा थांबला, जातं थांबलं, आणि त्या शांततेत तात्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला, "माझ्या कानात शिट्टी वाजतीया, बायकोला पण सांगितलं न्हाय!"

रांगेतल्या सहा बायकांनी माना वळवल्या. सातव्या शालूबाई होत्या. नवरा रोज गिरणीत काय करतो ते बघायला आल्या होत्या.

सरूबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "एवढंच व्हय? माझ्या कानात बावीस वर्सं गिरणी चालतीया. बंद करून घरी गेलो तरी चालतीया. मला वाटायचं, सगळ्यास्नीच असतंय."

"मग काय करतासा तुम्ही?" तात्यांनी विचारलं.

"काय करणार? बसलीया तर बसू दे. तिच्याकडं बघत बसलं की माजती. सैपाकाला लागलं की गप ऱ्हाती."

शालूबाईंनी तेवढ्या वेळात स्वतःला सावरलं होतं. "डास म्हणं डास," त्या पुटपुटल्या. मग तात्यांचा दंड धरून म्हणाल्या, "चला. दादाभावजींस्नी आत्ताच्या आत्ता सांगायचं. ह्या सहाजणींनी सांगायच्या आधी."

दादासोंच्या घरी पोचेपर्यंत वीज परत आली होती. आतून सनई ऐकू येत होती, आणि थोड्या वेळाने दादासोंचा आवाज. "प्रीती, ह्यो डबा पण उतरतोय बघ! सुरवातीला बरा असतोय, मग खाली!"

"मामंजी, तो उतरू शकत नाही," प्रीती म्हणत होती. "ते मशीन आहे."

"मी काय खोटं बोलतोय? परत लाव."

तात्या आणि शालूबाई उंबऱ्यातच थांबले. प्रीतीने दुसरा मोबाईल घेतला. त्यात सूर चढला की उतरला ते दाखवणारा काटा होता. वाजवायला लागल्यावर दादासोंचा काटा बरोबर मधोमध होता. पाच मिनिटांनी तो केसभर सरकला. पंधरा मिनिटांनी दादासो रंगात आले, सनई तापली, आणि काटा चांगला वरच्या बाजूला जाऊन बसला. डबा जिथे होता तिथेच होता.

प्रीतीने मोबाईल सासऱ्यांसमोर धरला. शाळेतल्या मुलांना चूक दाखवावी तसं तिने काट्यावर बोट ठेवलं.

दादासोंनी सनई मांडीवर ठेवली. मग त्यांना उंबऱ्यात उभे असलेले तात्या दिसले.

"गुंड्या, मी वर जातो?"

"जातासा."

"कवापासनं?"

"पहिल्यापासनं. रंगात आलासा की जातासा."

"चाळीस वर्सं मी वर जातोय, आणि एकानं मला सांगितलं न्हाय?"

"कळणार कसं कुणाला? मी येत हुतो की मागनं."

हे म्हणत असतानाच तात्यांच्याही डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं दादासो चढले की त्यांचे ओठ आपोआप सूर चढवायचे. त्याचा विचार कधी करावाच लागला नव्हता. ह्या वर्षी डाव्या कानाला दादासोंचं ते हळूच चढणं ऐकू येईना. कुकरच्या भीतीने त्यांनी सूर जागच्या जागी घट्ट धरून ठेवला, आणि दादासोंना वाटलं भाऊ उतरला. उतरलं कुणीच नव्हतं.

"मग आवंदा का आला न्हाईस मागनं?" दादासोंनी विचारलं.

तात्यांनी शालूबाईंकडे बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. ह्या वेळी न ओरडता.

दादासोंनी ऐकून घेतलं. त्यांच्या सनईचं तोंड भावाच्या कुठल्या कानाशी असतं, ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते उठले, सनई पुसली, परत बसले. "माझीच सनई तुझ्या कानात जाऊन बसलीया म्हण की."

"व्हय. आणि तकडं पण वरच वाजवतीया."

आधी शालूबाई हसल्या. मग हसू कुणालाच आवरेना.

प्रश्न राहिला होता तो कोडोलीचा. उपाय शालूबाईंनीच सुचवला. इकडचा कान गेलाय तर तिकडच्या बाजूला बसा. एवढं सोपं होतं, पण दादासो आधी तयारच होईनात. सूर उजवीकडे बसायचा ही त्यांच्या वडिलांची शिस्त होती, वडिलांच्याही वडिलांची असेल.

"त्यांचं कान चांगलं हुतं," शालूबाई म्हणाल्या.

पंधरा डिसेंबरला कोडोलीच्या मांडवाच्या दारात चौघडेवाल्या अमरसिंहांनी दोघांना उलटं बसलेलं बघितलं आणि टिपऱ्या हातात धरून थांबले. "पावणं, जागा चुकली काय तुमची?"

"आमची बरोबर हाय," दादासो म्हणाले. "तू तेवढा मागं सरक. अजून. अजून. तिथं."

तात्यांनी डाव्या कानात बोळा घातला. उजवा कान भावाकडे. बोळ्याच्या आड कुकर चालूच होता, आणि तात्यांनी त्याला मनात म्हटलं, बस तू पण. दादासोंनी सुरुवात केली. पहिल्या अर्ध्या तासात सूर जागेवर राहिला. मग वरात आली, दादासो रंगात आले आणि नेहमीसारखे केसभर वर सरकले. उजव्या कानाने ते लख्ख ऐकलं. तात्यांचे ओठ आपणहून आवळले आणि सूर मागोमाग वर गेला, चाळीस वर्षं जात होता तसा. दादासोंनी भुवया वर केल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटले. प्रीतीच्या पर्समध्ये काळा डबा होता, लागला तर असावा म्हणून आणलेला. तो तिने बाहेर काढलाच नाही.

जानेवारीत कोडोलीच्या पाहुण्यांनी लग्नाचा अल्बम बघायला पाठवला. शालूबाईंनी पानं उलटली आणि एकदम तात्यांना हाक मारली. फोटोग्राफर नेहमीप्रमाणे दाराच्या बाजूलाच उभा राहिला होता. फोटोत फेटा बांधलेले गुंडूतात्या पूर्ण होते, फुगलेल्या गालांसकट, कानातल्या केशरी बोळ्यासकट.

संध्याकाळी दादासो आले. त्यांनी चष्मा लावून तो फोटो जवळ धरला, लांब धरला.

"ह्यात मी कुठं हाय?"

"ह्यांच्या पलीकडं बघा की भावजी," शालूबाई चहा ओतत म्हणाल्या. "कोपर दिसतंय न्हवं?"